भारतात नेमके किती लोक धूम्रपान करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३१ मे, म्हणजे तंबाखूविरोधी दिन जवळ आला की आकडे सुटतात. एका बातमीत दहा टक्के, दुसरीत एकोणतीस, तिसरीत ‘दर तिसरा पुरुष’. वाचणाऱ्याला वाटतं, यांतला कुणीतरी थापा मारतोय. बहुतेक वेळा तसं नसतं. आकडे खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे असतात आणि ती गोष्ट कोणती हे बातमीत छापायचं राहून जातं. शाळेतले शिक्षक, आरोग्यसेवक, पत्रकार आणि प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी यांना पडणारे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

एका दमात सांगा: भारतात धूम्रपान करणारे किती?

पंधरा वर्षांच्या पुढच्या लोकांपैकी १०.७ टक्के. डोकी मोजली तर सुमारे ९ कोटी ९५ लाख. पुरुषांत हे प्रमाण १९ टक्के आहे, स्त्रियांत २ टक्के. हे आकडे २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीतले. या सर्वेक्षणाला सगळे ‘गॅट्स’ म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.

मग २८.६ टक्के हा आकडा कुठला?

त्याच सर्वेक्षणातला. पण तो तंबाखूच्या कोणत्याही रूपाचा आहे: विडी-सिगारेट, चिलीम, हुक्का आणि शिवाय तोंडात धरायचे, चघळायचे, दातांना घासायचे सगळे प्रकार. भारतात साधारण २६ कोटी ७० लाख प्रौढ तंबाखू वापरतात. त्यांपैकी फक्त धूर काढणारे अल्पसंख्य आहेत. धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के म्हणजे जवळपास वीस कोटी, धूम्रपान करणाऱ्यांच्या दुप्पट.

इथे एक हिशेब करून पाहा. १०.७ आणि २१.४ यांची बेरीज ३२.१ येते, २८.६ नाही. वरचे साडेतीन टक्के गेले कुठे? ते दोन्ही रकान्यांत बसलेले लोक आहेत, सकाळी चहाबरोबर विडी आणि दुपारी कामावर तंबाखूचा बार. बेरीज करताना त्यांना दोनदा मोजलं गेलं. बातम्यांत ही चूक इतक्या वेळा दिसते की ‘भारतात ३२ टक्के लोक व्यसनी’ असं वाक्य दिसलं तर आधी हीच बेरीज तपासावी.

युरोप-अमेरिकेत तंबाखू म्हणजे प्रामुख्याने सिगारेट, त्यामुळे तिकडे धूम्रपानाचा एक आकडा दिला की तंबाखूचं बहुतेक चित्र समजतं. भारतात तो एकटा आकडा पुढे केला तर चित्राचा मोठा भाग झाकला जातो. या पानावरच्या बऱ्याच उत्तरांचा गाभा हाच आहे.

ही मोजणी कोण करतं? सरकारला कुणी किती ओढतं ते कसं कळतं?

घरोघरी जाऊन विचारतात. गॅट्स हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं सर्वेक्षण असून त्याची पद्धत जगभर सारखी ठेवलेली आहे, म्हणजे बांगलादेश, चीन, भारत यांचे आकडे शेजारी ठेवता येतात. भारतातली पहिली फेरी २००९-१० मध्ये झाली. ती मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. दुसरी टाटा समाजविज्ञान संस्थेने. दोन्ही संस्था देवनारच्या, त्यामुळे देशाच्या तंबाखूचा हिशेब दोन्ही वेळा मुंबईच्या एकाच उपनगरातून लागला असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या फेरीत ७४,०३७ लोकांच्या मुलाखती झाल्या. निवडलेल्या प्रत्येक घरातून एकाच प्रौढ व्यक्तीला प्रश्न विचारले जातात आणि ती व्यक्ती यादृच्छिक पद्धतीने ठरते. दारात आलेला पहिला माणूस पकडून चालत नाही, कारण दुपारी घरी सापडणारे लोक आणि घरी न सापडणारे लोक यांच्या सवयी सारख्या नसतात.

पाऊण लाख लोकांना विचारून सव्वाशे कोटींबद्दल बोलायचं?

देशाच्या पातळीवर पाऊण लाख भरपूर झाले. नमुना नीट काढलेला असेल तर राष्ट्रीय आकडा फारसा हलत नाही. राज्याच्या पातळीवर मात्र जपून बोलावं, कारण तिथे मुलाखती काही हजारांवर येतात. गोव्याचं उदाहरण घ्या: तंबाखू वापरणारे पहिल्या फेरीत ८.८ टक्के, दुसऱ्या फेरीत ९.७. ‘गोव्यात तंबाखू वाढली’ असा मथळा यावरून देता येईल, पण एवढा फरक केवळ नमुन्यातल्या चढउतारानेही पडू शकतो. आणि जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा आकडा कुणी गॅट्सच्या नावावर सांगत असेल तर तो मानू नका. हे सर्वेक्षण त्या पातळीसाठी आखलेलंच नाही.

‘सध्या धूम्रपान करणारा’ यात कोण येतो? मित्रांबरोबर महिन्यातून एकदा ओढणारा धरतात का?

धरतात. रोज ओढणारे आणि अधूनमधून ओढणारे असे दोन्ही मिळून १०.७ टक्के होतात. कधीकाळी ओढत होता पण आता सोडली, तो यात नाही. काही देश फक्त रोज ओढणाऱ्यांचा आकडा ठळकपणे देतात (ऑस्ट्रेलिया त्यातलाच), म्हणून देशांची तुलना करताना आधी तळटीप वाचावी.

भारतात सिगारेट जास्त ओढतात की विडी?

विडी, आणि चांगल्या फरकाने. विडी ओढणारे ७.७ टक्के, सिगारेटवाले ४ टक्के. माणसांत सांगायचं तर सुमारे ७ कोटी २० लाख विरुद्ध पावणेचार कोटी.

तरीही चर्चा सिगारेटची होते. अर्थसंकल्पाच्या दिवशी वाहिन्यांवर ‘सिगारेट महागली’ ही पट्टी फिरते. विडीसाठी अशी पट्टी फिरल्याचं आठवतं का? याचं कारण सरळ आहे. सिगारेट बनवणाऱ्या मोजक्या मोठ्या कंपन्या आहेत, कर वसूल करणं सोपं आहे आणि ओढणारा शहरात दिसतो. विडी घराघरांतून वळली जाते, छोट्या कारखानदारांकडून विकली जाते आणि तिच्यावर लाखो बायकांचं पोट आहे. १ फेब्रुवारी २०२६ पासून विडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. धुराच्या वस्तूंत जिचे ग्राहक सर्वांत जास्त, तिचाच कर उतरला. मला हे धोरण म्हणून पटत नाही, पण त्यामागचं राजकारण समजतं.

पैशाची बाजूही बघा. गॅट्सच्या दुसऱ्या फेरीत रोज सिगारेट ओढणाऱ्याचा महिन्याचा सरासरी खर्च ११९२ रुपये निघाला, रोज विडी ओढणाऱ्याचा २८४ रुपये. म्हणजे विडीवाल्याच्या खिशाला व्यसन तितकंसं बोचत नाही, आणि न बोचणारं व्यसन सुटायला अवघड जातं.

विडीत तंबाखू कमी असते, कागद नसतो, तेंदूचं पान ‘नैसर्गिक’ असतं. मग ती सौम्य नाही का?

नाही. मुंबईत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत पस्तिशीपुढच्या सुमारे दीड लाख लोकांची नोंद करून पुढे त्यांच्यातल्या मृत्यूंचा मागोवा घेतला गेला. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट आणि विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट आढळला. तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून जोरजोरात झुरके घ्यावे लागतात, आणि त्याबरोबर धूरही खोल जातो.

याच पाहणीची एक गंमत. लोक मतदार याद्यांवरून निवडले होते, पण उच्च मध्यमवर्गीय इमारती वगळाव्या लागल्या, कारण सुरक्षेच्या कारणाने तिथे पाहणी करणाऱ्यांना आत जाणं कठीण होतं. चाळीत दार उघडं असतं. श्रीमंतांच्या सवयींबद्दल आपल्याकडे कमी माहिती असण्याचं हेही एक कारण.

महाराष्ट्रात किती?

धूम्रपान ३.८ टक्के. दुसऱ्या फेरीत हा देशातला सर्वांत कमी आकडा होता. पहिल्या फेरीत तो ६.६ होता.

वा! म्हणजे महाराष्ट्र देशात पहिला?

टाळ्या वाजवायच्या आधी पुढची ओळ वाचा. महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे एकूण २६.६ टक्के आहेत आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे इथल्या दहा तंबाखूवाल्यांपैकी नऊ जण ती तोंडात घेतात. पुरुषांत एकूण प्रमाण ३५.५ टक्के, बायकांत १७ टक्के. आपल्याकडे धूर कमी आहे, तंबाखू नाही.

हे चित्र आपल्याला डोळ्यांनीही दिसतं. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, कनवटीची किंवा खिशातली चंची, सकाळी चुलीजवळ बसून दातांना लावलेली मिश्री, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मावा, विदर्भात खर्रा. विदर्भातल्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन खसाखसा घासून खर्रा तयार होतो, आणि मागणारा शाळेच्या गणवेशात असला तरी हात थांबत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्याबरोबर २०१६ पासून दारू व तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी कार्यक्रम चालवला, तो याच कारणाने. तिथे सिगारेटविरुद्ध मोहीम काढून काही हाती लागलं नसतं.

महाराष्ट्रात धूर कमी का, याचं एकच कारण देता येणार नाही. मला वाटतं कामाच्या स्वरूपाचा यात हात आहे. कापसाच्या गिरणीत, गोदामात, फडात, गोठ्यात पेटती काडी चालत नाही. मळलेली तंबाखू कुठेही चालते, दोन्ही हात कामाला मोकळे राहतात आणि मुकादमाला दिसतही नाही. शिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर विडी पेटवणं बेअदबी मानली गेली, तंबाखू मात्र बैठकीत एकमेकांना देण्याची वस्तू राहिली.

गोवा?

तंबाखूचं एकूण प्रमाण देशात सर्वांत कमी, ९.७ टक्के. त्यात धूम्रपान ४.२ आणि धूरविरहित ६.५. पर्यटकांच्या गर्दीवरून गोव्याचा अंदाज बांधणाऱ्यांना हे खरं वाटत नाही, पण सर्वेक्षण गोव्यात राहणाऱ्यांचं असतं, शनिवार-रविवारी बागा-कळंगुटला येणाऱ्यांचं नव्हे.

सर्वांत जास्त कुठे?

ईशान्येत. एकूण तंबाखूत त्रिपुरा वर आहे, ६४.५ टक्के. फक्त धूम्रपान घेतलं तर मिझोराम, ३४.४ टक्के. महाराष्ट्राच्या नऊ पट! एकाच देशात, एकाच कायद्याखाली. तिथे स्त्रिया आणि पुरुष यांच्यातली दरीही बाकी देशाच्या मानाने खूपच अरुंद आहे. मिझोराममध्ये ‘तुइबुर’ नावाचा प्रकार आहे: तंबाखूचा धूर पाण्यातून सोडतात आणि ते धुरकट पाणी तोंडात घोळवतात. आता हे धूम्रपान की धूरविरहित? प्रश्नावली तयार करणाऱ्यांना अशा गोष्टींवर डोकं खाजवावं लागतं.

एवढी तफावत असल्यावर ‘राष्ट्रीय सरासरी’ हा आकडा दिल्लीत धोरण लिहायला उपयोगी पडतो, पण ऐजॉलमध्ये किंवा अकोल्यात तो कुणाचंच वर्णन करत नाही.

बायका खरंच फक्त दोन टक्के ओढतात?

धूम्रपान हो, दोन टक्के. पण तंबाखू १४.२ टक्के. भारतीय स्त्रीच्या बाबतीत धूम्रपानाचा आकडा जवळपास निरुपयोगी आहे, कारण तिची तंबाखू बहुतेक मिश्री, पान, जर्दा, खैनी किंवा गुल या रूपात असते. वर सांगितलेल्या मुंबईच्या पाहणीतही बायकांचा तंबाखू वापर जवळजवळ पूर्णपणे धूरविरहित होता. अपवाद आहेत. किनारी आंध्रात श्रीकाकुलम-विशाखापट्टणमच्या बाजूला काही बायका ‘चुट्टा’ (गावठी चिरूट) जळतं टोक तोंडात ठेवून ओढतात, आणि तिथल्या टाळूच्या कर्करोगाचा अभ्यास दशकानुदशकं चालू आहे.

चित्रपटातली सिगारेट ओढणारी शहरी तरुणी हा चर्चेचा आवडता विषय. मिश्रीची डबी कमरेला लावून भातलावणी करणारी आजी संख्येने तिच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी अग्रलेख लिहीत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे गॅट्सशी का जुळत नाहीत?

२०१९-२१ च्या पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांपुढच्या पुरुषांत तंबाखूचं प्रमाण ३८ टक्के आणि स्त्रियांत ८.९ टक्के आलं. महाराष्ट्रात ३३.८ आणि १०.९. (‘दर तिसरा पुरुष’ हा मथळा इथून येतो.) गॅट्समध्ये हेच राष्ट्रीय आकडे ४२.४ आणि १४.२ होते.

काळ बदलला, थोडी घटही झाली असेल. पण विचारण्याची पद्धतही वेगळी आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा भाग घराच्या प्रश्नावलीतून येतो, म्हणजे घरातली एक व्यक्ती सगळ्यांबद्दल सांगते. सुनेने सासूच्या मिश्रीबद्दल सांगावं, बापाने कॉलेजात जाणाऱ्या मुलाबद्दल सांगावं अशी ती अपेक्षा. गॅट्समध्ये ज्याचा प्रश्न त्यालाच, आणि प्रश्न फक्त तंबाखूबद्दलचेच, प्रकाराप्रकाराने विचारलेले. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘मिश्री लावता का?’ला सहज ‘हो’ म्हणते. म्हणून दोन सर्वेक्षणांचे आकडे जोडून ‘पाच वर्षांत बायकांची तंबाखू इतक्याने घटली’ असा आलेख काढू नये. गॅट्सची तुलना गॅट्सशी, कुटुंब सर्वेक्षणाची त्याच्याच आधीच्या फेरीशी.

लोक खोटं बोलत नाहीत कशावरून?

काही बोलतातच. लघवीतलं किंवा लाळेतलं कोटिनीन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासलं तर तंबाखू वापरली की नाही हे कळतं, पण एवढ्या मोठ्या सर्वेक्षणात ते महाग पडतं. ज्याची लाज वाटते ते लपवलं जातं, त्यामुळे तरुण मुली आणि शाळकरी मुलं यांचे आकडे खऱ्यापेक्षा कमी असण्याचा संभव जास्त. साठीचे आजोबा विडी लपवत नाहीत. तरी लपवण्याचं प्रमाण दोन फेऱ्यांत साधारण सारखं राहिलं असेल, तर चढउताराची दिशा बऱ्यापैकी विश्वासार्ह राहते.

प्रमाण घटतंय की वाढतंय?

घटलंय. २००९-१० मध्ये एकूण तंबाखू ३४.६ टक्के होती, २०१६-१७ मध्ये २८.६. धूम्रपान १४ वरून १०.७ वर. विडी ९.२ वरून ७.७, सिगारेट ५.७ वरून ४, गुटखा ८.२ वरून ६.८. खैनी मात्र ११.६ वरून ११.२, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. देशात सर्वांत जास्त वापरला जाणारा एकच तंबाखूप्रकार निवडायचा झाला तर तो खैनी आहे.

आता दोन सापळे. पहिला: १४ वरून १०.७ ही घट ‘३.३ टक्क्यांची’ की ‘२४ टक्क्यांची’? दोन्ही. ३.३ हे टक्केबिंदू आहेत, आणि मूळच्या चौदाच्या तुलनेत ती जवळपास चौथाई घट आहे. ज्याला यश दाखवायचं तो मोठा आकडा घेतो, ज्याला अपयश दाखवायचं तो लहान. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मधलं ‘२०२५ पर्यंत ३० टक्के घट’ हे उद्दिष्ट दुसऱ्या, म्हणजे सापेक्ष प्रकारचं आहे.

दुसरा: टक्का सहा बिंदूंनी उतरला, पण तंबाखू वापरणारी माणसं फक्त ८१ लाखांनी कमी झाली, कारण मधल्या सात वर्षांत प्रौढांची संख्याच वाढली. रुग्णालयात टक्का भरती होत नाही, माणूस होतो. म्हणून दोन्ही आकडे जवळ ठेवावेत.

मुलांचं काय?

इथे एक चांगली आणि एक अस्वस्थ करणारी बातमी. पंधरा ते चोवीस वयोगटात तंबाखूचं प्रमाण १८.४ वरून १२.४ टक्क्यांवर आलं, आणि तंबाखू सुरू करण्याचं सरासरी वय १७.९ वरून १८.९ वर्षांवर गेलं. ही चांगली.

त्याहून लहानांसाठी वेगळं सर्वेक्षण आहे, तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचं. २०१९ च्या फेरीत ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत होती: मुलगे ९.६, मुली ७.४. आकड्यांपेक्षा मुलगे-मुलींमधलं अंतर बघा. मोठ्यांत पुरुष स्त्रियांच्या तिप्पट आहेत, शाळेत ते अंतर नावापुरतं उरलंय. आणि सिगारेट ओढणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी, विडीवाल्यांपैकी ४७ टक्क्यांनी पहिला झुरका दहाव्या वाढदिवसाआधी घेतला होता. दहावीच्या आधी नव्हे, दहाव्या वाढदिवसाआधी. सातवीत व्यसनमुक्तीचं व्याख्यान ठेवणाऱ्या शाळांनी वर्ग जरा खाली आणावा.

गावात जास्त की शहरात?

गावात. तंबाखू एकूण: ग्रामीण ३२.५, शहरी २१.२. धूम्रपानात अंतर कमी आहे, ११.९ आणि ८.३. शिक्षण आणि उत्पन्न वाढलं की प्रमाण उतरतं, हे जवळपास सगळीकडे दिसतं.

इतर देशांच्या तुलनेत आपण कुठे?

धूम्रपानात चांगल्या जागी, तंबाखूत वाईट. ब्रिटनमध्ये १९७४ मध्ये ४५ टक्के प्रौढ सिगारेट ओढत. २०२३ मध्ये ते प्रमाण ११.९ टक्के होतं. अमेरिका १९६५ मधल्या ४२.४ वरून २०२२ मध्ये ११.६ वर आली. म्हणजे ‘भारतात १०.७ टक्के’ हा आकडा वरवर त्यांच्याच पंगतीत बसतो. पण तिकडे तेवढ्यावर ताट संपतं आणि आपल्याकडे फक्त धूरविरहित तंबाखू घेणारे अजून अठरा टक्के वाढायचे आहेत.

आशियातली चित्रं फार वेगवेगळी आहेत. चीनमध्ये २०१८ मध्ये निम्मे पुरुष, ५०.५ टक्के, ओढत होते आणि स्त्रिया २.१ टक्के. इंडोनेशियात २०२१ मध्ये पुरुषांचं प्रमाण ६४.७ टक्के. बांगलादेश आपल्यासारखा: २०१७ मध्ये एकूण तंबाखू ३५.३ टक्के, त्यात धूम्रपान १८. पान, जर्दा आणि विडी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात भारताचा आकडा थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका. ते वयाची रचना समान करून, गणिती प्रारूपाने काढलेले अंदाज असतात, म्हणजे तरुण भारत आणि म्हातारा जपान यांची तुलना करता यावी म्हणून. प्रत्यक्ष मोजलेला आकडा हवा असेल तर सर्वेक्षणाचा घ्यावा.

बंदी आणि चेतावणीच्या चित्रांमुळे काही फरक पडला का?

पडला, पण सगळ्याच बंद्यांमुळे सारखा नाही.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला आळा घालण्याची लढाई न्यायालयातही झाली. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिला, २००३ मध्ये तंबाखू नियंत्रण कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. ही रक्कम आता हास्यास्पद आहे, तरी रेल्वेच्या डब्यात आणि कचेरीत पूर्वी असायचा तो धूर आठवून पाहा. घरात दुसऱ्याच्या धुराला सामोरं जाणारे प्रौढ ५२.३ टक्क्यांवरून ३८.७ वर आले. घरात कायदा जात नाही, तरी बाहेरची सवय आत शिरली असावी.

एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा आहे. इशारा पाहून सोडण्याचा विचार केला असं सांगणारे सिगारेटवाले ६१.९ टक्के, विडीवाले ५३.८, धूरविरहित वापरणारे ४६.२. उतरंड अपेक्षितच आहे: विडीचं बंडल लहान, छपाई धूसर; आणि पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याला पाकीटच नसतं. सुटी सिगारेट घेणाऱ्यालाही चित्र दिसत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी आणली. कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं की त्या बंदीची तब्येत कळते.

गुटखाबंदी महाराष्ट्रात जुलै २०१२ ची. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकून, गिऱ्हाईकाने दोन्ही एकत्र करायच्या, अशी पळवाट लगेच निघाली. देशात गुटख्याचं प्रमाण घटलं हे खरं. त्यातले किती सुटले आणि किती माव्या-खर्ऱ्याकडे वळले, ही वेगळी गोष्ट.

ई-सिगारेट यात मोजतात का?

धूम्रपानाच्या १०.७ टक्क्यांत नाही. ई-सिगारेटवर देशात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने बंदी आहे: उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळ्यावर. बंदी असलेल्या वस्तूबद्दल दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण खरं सांगणार? हुक्का मात्र धूम्रपानात धरतात. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये बंदी आली.

प्रमाण उतरलं तर विडी कामगारांनी खायचं काय?

प्रामाणिक प्रश्न आहे, आणि तो टाळणाऱ्या तंबाखूविरोधी कार्यकर्त्यांचा मला राग येतो. सोलापूरच्या पूर्व भागात, सिन्नर-संगमनेरकडे, गोंदियात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मजुरी, पानं खराब निघाली तर ‘छाट’ म्हणून मजुरी कापून घेणं, घरभर तंबाखूची धूळ, मांडीवर सूप आणि शेजारी मूल. सोलापूरजवळ कुंभारीत कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत ही या बायकांनी संघटित होऊन काय मिळवलं याची साक्ष आहे. गडचिरोली-गोंदियातल्या अनेक कुटुंबांचा उन्हाळ्यातला रोख पैसा तेंदूपानांतून येतो.

पण ओढणाऱ्यांची संख्या टिकवून त्यांची मजुरी राखायची हा उपाय नव्हे. विडी ओढणाराही बहुधा त्यांच्याच वस्तीतला, त्यांच्याच घरातला असतो. पर्यायी काम आधी आणि करवाढ नंतर, की दोन्ही बरोबर, यावर मतभेद होऊ शकतात. काम देण्याच्या आश्वासनावर वर्षं काढायची, हे मात्र आजवर झालेलं आहे.

तंबाखूने दरवर्षी किती माणसं मरतात?

सरकार वापरतं तो अंदाज साडेतेरा लाख. २०१७-१८ मध्ये तंबाखूजन्य आजार आणि अकाली मृत्यू यांचा आर्थिक भार १ लाख ७७ हजार कोटी रुपये काढला गेला, तेव्हाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एका टक्क्याहून थोडा जास्त. तंबाखूवरच्या करातून सरकारचं पोट भरतं म्हणणाऱ्यांसमोर हा आकडा ठेवावा.

किती जणांना सोडायची असते?

निम्म्याहून जास्त. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के सोडण्याच्या बेतात होते किंवा तसा विचार करत होते, धूरविरहितवाल्यांपैकी ४९.६. आधीच्या बारा महिन्यांत ३८.५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयत्नही केला होता. म्हणजे इच्छेची कमतरता नाही. बरेचसे लोक एकट्याने, कसलीही मदत न घेता प्रयत्न करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परत टपरीवर दिसतात.

मदत कुठे मिळते?

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा, क्रमांक १८००-११-२३५६, फोन मोफत. पाकिटांवरही हाच छापलेला असतो. सेवेचं मूळ केंद्र दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत आहे, आणि २०१८ पासून मुंबईचं टाटा स्मारक केंद्रही त्यात आहे. विडी-सिगारेटसाठीच नव्हे, मिश्री, मावा, खर्रा यांसाठीही फोन करता येतो.